ध्रुवावर न गेलेला माणूस

दक्षिण ध्रुवाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ती शर्यतीची गोष्ट म्हणून. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोचला, तेव्हा तिथे परका झेंडा आधीच फडकत होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती मरण पावले. जिंकणारा एक, हरणारा एक, आणि हरणाऱ्याचा मृत्यू इतका उदात्त की जिंकणाऱ्याच्या यशाची चव त्याने कायमची बिघडवली. गोष्ट म्हणून यात काही कमी नाही. मुलांना सांगायला तर फारच उत्तम.

फक्त या गोष्टीत एक माणूस बसत नाही. तो त्याच काळात, त्याच बर्फात, तशाच गाड्या ओढत हिंडत होता. पण त्याला ध्रुवाचे काही पडलेले नव्हते. तो भूगर्भशास्त्रज्ञ होता, आणि भूगर्भशास्त्रज्ञाच्या दृष्टीने दक्षिण ध्रुवासारखी निरुपयोगी जागा पृथ्वीवर शोधून सापडणार नाही. तिथे पायाखाली अडीच किलोमीटरहून जाड बर्फ आहे. खडक त्याच्याही खाली. हातोडी मारायला एक खडा नाही. सारे जग ज्या बिंदूकडे डोळे लावून बसले होते, तो बिंदू या माणसाला कोऱ्या पाटीसारखा होता. त्याची अक्षरे होती ती किनाऱ्यालगतच्या उघड्या कड्यांवर आणि हिमनद्यांच्या काठांवर.

अशा माणसांपैकी रेमंड प्रिस्टली याची हकिकत मला सर्वांत मोलाची वाटते. तो अंटार्क्टिकातला सर्वांत मोठा भूगर्भशास्त्रज्ञ होता म्हणून नव्हे. तसे पाहिले तर एजवर्थ डेव्हिड आणि डग्लस मॉसन ही नावे मोठी आहेत. पण ध्रुवीय प्रवासातले शहाणपण कशाला म्हणायचे हे प्रिस्टलीच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसते, तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

१८८६ साली इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी या गावी त्याचा जन्म झाला. वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. ब्रिस्टलच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्राची दोन वर्षे पुरी झाली होती, पदवी हातात नव्हती, आणि अर्नेस्ट शॅकल्टन आपल्या ‘निम्रोड’ मोहिमेसाठी माणसे गोळा करत होता. मुलाखतीत शॅकल्टनने त्याला विचारले, एखादे वाद्य वाजवता येते का, आणि सोने दिसले तर ओळखशील का. आणखीही काही प्रश्न असतील, पण प्रिस्टलीच्या लक्षात राहिले ते हे. वाद्याचा प्रश्न वेडगळ वाटतो, पण तसा तो नाही. पंधरा माणसांना एका लाकडी खोपटात हिवाळाभर अंधारात कोंडायचे, तर गाणारा-वाजवणारा एखादा हवाच. सोन्याचा प्रश्न मात्र अगदी खरा होता. मोहिमेला पैसे देणाऱ्यांना खडकांच्या वयात गोडी नव्हती. खडकांत काय दडले आहे त्यात होती. शास्त्राला असे आश्रयदाते तेव्हाही लागत, आजही लागतात. असो. सोने काही मिळाले नाही, पण एकवीस वर्षांचा प्रिस्टली बर्फात जाऊन पोचला.

१९०८ सालच्या उन्हाळ्यापूर्वी एरेबस या ज्वालामुखीच्या उतारावर खडक पाहायला गेलेल्या तुकडीजवळ तंबू लहान पडला. प्रिस्टली म्हणाला, मी बाहेर झोपतो. रात्री हिमवादळ सुटले आणि तीन दिवस थांबले नाही. हा आपल्या झोपायच्या पिशवीत उतारावर पडून. वाऱ्याच्या माऱ्याने पिशवी तसूतसूने खाली सरकत होती, आणि खाली बर्फाचा कडा होता. पुढे जानेवारी १९०९ मध्ये तो आणि त्याचे दोन सोबती किनाऱ्याच्या समुद्री बर्फावर तळ ठोकून होते. एके सकाळी पाहतात तो बर्फाचा तो तुकडा किनाऱ्यापासून सुटून समुद्राकडे निघालेला. भोवती किलर व्हेल मासे डोकी वर काढून पाहत होते. दिवसभर असे तरंगल्यावर रात्री तुकड्याचा एक कोपरा क्षणभर किनाऱ्याच्या बर्फाला घासला आणि तिघे सामानासह पलीकडे गेले. पुन्हा तो कोपरा तिथे लागला नाही.

त्याच मोहिमेत प्राध्यापक डेव्हिड होते. सिडनी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवणारे, पन्नाशीला पोचलेले, आणि सभ्यपणाबद्दल ख्याती असलेले गृहस्थ. मॉसन आणि मॅके या दोन तरुणांबरोबर गाडी ओढत ते दक्षिण चुंबकीय ध्रुवापर्यंत जाऊन आले; जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर. या प्रवासात एकदा मॉसन तंबूत काम करत असताना बाहेरून डेव्हिड यांनी हाक मारली आणि विचारले, कामात आहेस का? आहे, म्हटल्यावर थोडा वेळ शांतता. पुन्हा हाक, पुन्हा तोच प्रश्न. शेवटी अत्यंत दिलगिरीने प्राध्यापकांनी सांगितले की, ते बर्फाच्या भेगेत लोंबकळत आहेत आणि फार वेळ धरवेल असे वाटत नाही. प्रिस्टलीने पुढे सिडनीला जाऊन काम केले ते याच गुरूच्या हाताखाली. स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेतले उरलेले दोन भूगर्भशास्त्रज्ञ, ग्रिफिथ टेलर आणि फ्रँक डेबनहॅम, हेही डेव्हिड यांचेच विद्यार्थी. प्रिस्टली स्वतः या मोहिमेत आला तो ऐनवेळी, आधी नेमलेला माणूस आजारी पडला म्हणून. जाता जाता घरगुती गोष्ट सांगायची तर, टेलरने प्रिस्टलीच्या एका बहिणीशी लग्न केले, आणि मोहिमेतला पदार्थविज्ञानाचा अभ्यासक चार्ल्स राइट याने दुसरीशी. ध्रुवावरचे सोयरेसंबंध घरापर्यंत पोचले ते असे.

हे लोक तिथे नेमके करत काय होते? अंटार्क्टिकाचा जवळजवळ सगळा खडक बर्फाखाली गाडलेला आहे. जो उघडा आहे तिथवर पोचता येईलच असे नाही. मग हिमनदीचा उपयोग होतो. हिमनदी शेकडो किलोमीटर आतून खडकांचे तुकडे उचलून आणते आणि काठाला त्यांचे ढीग लावते. माणूस जिथे कधी जाणार नाही तिथला माल ती दारात आणून टाकते. भूगर्भशास्त्रज्ञाने त्या ढिगाऱ्यात वाकून बसायचे, वेगळा दिसणारा दगड उचलायचा, फोडायचा, आतला ताजा पृष्ठभाग पाहायचा, आणि कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून दगडाबरोबर गुंडाळायचे. चिठ्ठी हरवली की दगडाची किंमत शून्य. गावाचे नाव नसलेल्या पत्रासारखी त्याची गत होते. लिहायचे पेन्सिलीने, कारण शाई गोठते. लिहायला हातमोजा काढावा लागतो, आणि दोन ओळींत बोटे बधिर होतात. संध्याकाळी निवड करायची, कारण उद्या हे सारे स्वतःच्या खांद्याला पट्टे बांधून ओढायचे आहे. दहा दगडांतले सात टाकून द्यायचे. कोणते सात, हीच त्याची विद्या.

स्कॉटच्या मोहिमेत प्रिस्टली होता तो कॅम्पबेलच्या सहा जणांच्या तुकडीत. कॅम्पबेल, डॉक्टर लेव्हिक आणि प्रिस्टली हे तिघे अधिकारीवर्गातले. अ‍ॅबट, ब्राउनिंग आणि डिकसन हे तिघे नौदलातले खलाशी. या तुकडीच्या नशिबी सुरुवातीपासून निराशाच आली. पूर्वेकडचा नवा प्रदेश पाहायला निघाले, तर उतरायला जागा मिळेना. परतताना वाटेत अमुंडसेनचे जहाज नांगरलेले दिसले. मग उत्तरेला केप अडेअरला उतरले, तर तिथून आत जायचा मार्गच नाही, आणि समुद्री बर्फ वाऱ्याने फुटून जातो. पेंग्विन अगणित, खडक मोजके. भूगर्भशास्त्रज्ञाचे एक वर्ष असे किनाऱ्यावर बसून गेले.

८ जानेवारी १९१२ रोजी जहाजाने त्यांना दक्षिणेला इव्हान्स कोव्ह्ज या ठिकाणी उतरवले. कामाला हिमनद्या, डोंगर, दगडांचे ढीग, सगळे मनासारखे. सोबत सहा आठवड्यांचा शिधा. फेब्रुवारीत जहाज परत न्यायला येणार होते. दिवस उलटले, जहाज आले नाही. किनाऱ्यावरून दिसत नव्हते, पण पलीकडे दाट बर्फ साचला होता आणि जहाज त्यातून आत येऊ शकत नव्हते. मार्च उजाडला. वारा असा की तंबू फाटू लागले. अंगावर उन्हाळी कपडे, आणि पुढे ध्रुवीय हिवाळा.

त्यांनी बर्फाच्या एका साचलेल्या ढिगात भुयार खणले. सुमारे बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, आणि उंची अशी की सरळ उभे राहता येत नव्हते. जमिनीवर वाळू आणि समुद्राचे वाळलेले शेवाळ अंथरले. या बिळात सहा माणसे मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत राहिली. खायला सील आणि पेंग्विन. जाळायला सीलची चरबी, उजेडालाही तीच चरबी, छोट्या डब्यांत दोरीची वात करून. तिच्या काजळीने माणसे, कपडे, भिंती सारे काळे झाले, आणि धुवायचे म्हटले तर पाणी गरम करायला पुन्हा चरबीच हवी. सील मिळेनासे झाले तेव्हा प्रत्येक प्राणी सणासारखा. एकदा ब्राउनिंगने सीलचे पोट कापले तर आत छत्तीस मासे निघाले, न पचलेले, खाण्याजोगे! त्यानंतर सील दिसला की आधी पोटातल्या माशांची आशा. एकदा धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले, दिवे आपोआप मंदावू लागले, आणि वेळेत ध्यानात आले म्हणून सहाही जण गुदमरता गुदमरता वाचले. पुढे पोटाचे विकार सुरू झाले. ब्राउनिंगचे हाल सर्वांत जास्त. ज्या बेटावर हे घडले त्याला त्यांनी ‘इनएक्सप्रेसिबल’ असे नाव दिले. शब्दांत सांगता येणार नाही असे.

आता प्रिस्टली या सगळ्यात काय करत होता? तो कोठीवर होता. उरलेसुरले बिस्कीट, साखर, चॉकलेट, मनुका हे सगळे त्याच्या ताब्यात. दर रविवारी माणशी साखरेच्या बारा वड्या. शनिवारी चॉकलेटचा तुकडा. ठरलेल्या दिवशी मनुका, मोजून पंचवीस. वसंतात परतीच्या पायपिटीला लागेल एवढा शिधा बाजूला ठेवायचा आणि काही झाले तरी त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे ज्या घरांत महिनाअखेरीला डबे वाजू लागतात, तिथल्या गृहिणीला या कामाची अवघड बाजू समजावून सांगावी लागणार नाही. देणाऱ्याचा हात सहा महिने जराही कमी-जास्त झाला नाही, असा विश्वास बाकीच्या पाच जणांना वाटला पाहिजे. हिमवादळात बाहेर झोपायला धैर्य लागते हे खरे. पण भुकेल्या माणसांना चोविसावी आणि पंचविसावी मनुका मोजून देण्याला लागते ते त्याहून टिकाऊ काहीतरी.

कॅम्पबेलने भुयाराच्या जमिनीवर टाचेने एक रेघ ओढली होती. एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला खलाशी. एका बाजूचे बोलणे दुसऱ्या बाजूने ‘ऐकायचे नाही’ असा नियम. हाताच्या अंतरावर झोपलेल्या माणसांनी अशी मर्यादा पाळायची, हे आज हास्यास्पद वाटेल, त्यातला वर्गभेदही खटकेल. मलाही तो खटकतो. पण खलाश्यांना अधिकाऱ्यांबद्दल मनसोक्त कुरकुर करायला जागा मिळाली ती त्या रेघेमुळेच, आणि एका खोलीत वाढलेल्या मोठ्या कुटुंबांना अशा न दिसणाऱ्या भिंतींची उपयुक्तता ठाऊक आहे. रात्री लेव्हिक डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ वाचून दाखवत असे. रोज एकच प्रकरण, जास्त नाही. पुस्तकालाही शिध्याचा नियम. रविवारी प्रार्थनागीते, तीही आठवतील तशी.

याच मार्च महिन्यात, जेव्हा हे सहा जण बिळात शिरत होते, तेव्हा कित्येक किलोमीटर दक्षिणेला स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स तंबूत अडकून पडले होते. एका बाजूला मरण, दुसऱ्या बाजूला सहा माणसांचा संसार, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

३० सप्टेंबर १९१२ रोजी ते निघाले. किनाऱ्याने साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वाट, आजारी माणसे, काळेठिक्कर चेहरे. वाटेत केप रॉबर्ट्सला टेलर आणि डेबनहॅम यांच्या तुकडीने मागे ठेवलेला बिस्किटांचा साठा सापडला. भूगर्भशास्त्रज्ञांनी एकमेकांसाठी नकळत केलेली तजवीज. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्य तळावर पोचले तेव्हा तिथे फक्त डेबनहॅम आणि स्वयंपाकी आर्चर. बाकी सारे स्कॉटच्या शोधाला गेलेले. सहाच्या सहा जण जिवंत परतले होते, आणि परतल्यावर त्यांना कळले ते हे की ध्रुवावर गेलेले पाचही जण आता नाहीत. महिनाभरात, डिसेंबरमध्ये, प्रिस्टली एरेबसच्या चढाईवर निघालेल्या तुकडीचा प्रमुख होता. त्याला म्हणे खडक पाहायचे राहिले होते.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधणाऱ्यांना स्कॉटचा तंबू सापडला. बाहेर बर्फात पुरलेल्या गाडीवर सोळा किलोंच्या आसपास दगड होते. यावर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. माणसे मरत आहेत, गाडी ओढवत नाही, आणि हे वेडे दगड वाहत होते! हौशी समीक्षकांना हा पुरावा फार आवडतो. माझे मत निराळे आहे, आणि त्याला कारणे आहेत. अन्नाचा पुढचा मोठा साठा वीसेक किलोमीटरवर राहिला होता, हे खरे. पण त्या मार्चमध्ये थंडी नेहमीपेक्षा किती तरी कडक होती, हे हवामानतज्ज्ञ सुझन सॉलोमन यांनी २००१ मध्ये आकडेवारीने दाखवून दिले. तशा थंडीत बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो, गाडी घसरत नाही. वाटेतल्या डब्यांतून इंधन उडून गेले होते. ओट्सचे पाय गेले होते. या सगळ्यात सोळा किलोंनी किती फरक पडला असता? आक्षेप घ्यायचाच तर तो वजनावर नको, वेळेवर घ्यावा. ८ फेब्रुवारीला बकली पर्वताखाली त्यांनी दुपार दगड वेचण्यात घालवली, तेव्हा एडगर इव्हान्सची प्रकृती ढासळत होती, आणि नऊ दिवसांनी तो गेला. ही गोष्ट मनाला लागते. पण थकलेल्या माणसांना वाऱ्यापासून आडोसा, ऊन आणि पायाखाली खरी जमीन मिळाली होती ती कित्येक आठवड्यांनी. त्या दुपारने त्यांना काही दिलेच नाही असे म्हणवत नाही.

दगड वेचणारा विल्सन हा पेशाने डॉक्टर आणि प्राणिशास्त्राचा अभ्यासक; भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. पण त्याला काय पाहायचे ते ठाऊक होते. कोळशातल्या वनस्पतींची अभ्यासक मेरी स्टोप्स हिने स्कॉटकडे मला बरोबर न्या असा आग्रह धरला होता. पुढे संततिनियमनाच्या चळवळीमुळे तिचे नाव जगभर झाले, ती हीच. तिला नेले नाही, पण ती ज्यासाठी जाऊ पाहत होती ती गोष्ट दगडांवर होती: जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे. केंब्रिजच्या ए. सी. सेवर्ड यांनी ते तपासून १९१४ मध्ये नाव दिले, ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’. ‘इंडिका’ म्हणजे हिंदुस्थानातली. कारण हे पान आधी आपल्याकडच्या खडकांतून ओळखीचे झाले होते.

इथे आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांना माहीत आहे. तो फावल्या वेळात कामठीच्या परिसरातले दगड फोडत हिंडे. त्याने जमवलेल्या पानांच्या ठशांचे वर्णन चार्ल्स बनबरी याने १८६१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत ग्लॉसॉप्टेरिस होते. १८६३ मध्ये हिस्लॉप पुराच्या पाण्यात वाहून गेला. दगडांच्या मागे लागलेल्या माणसांचे विमे कोणी उतरवू नयेत हेच खरे. त्या थरांना गोंडवन हे नाव मिळाले गोंडांच्या भूमीवरून. ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटने १८७२ च्या सुमारास वापरात आणले, आणि पुढे एडवर्ड स्यूस याने १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या साऱ्या हरवलेल्या भूखंडालाच गोंडवनलँड म्हटले. चंद्रपूरचा कोळसा त्याच काळातला आहे, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा. त्याच कोळशावर चाललेल्या वीजकेंद्राची वीज आपल्या घरात येते. आणि बीअर्डमोर हिमनदीच्या कडेला, ध्रुवापासून पाचशे-सहाशे किलोमीटरवर, शॅकल्टनच्या माणसांना १९०८ मध्ये कोळशाचे थर दिसले होतेच. एके काळी दोन्ही ठिकाणी एकाच जातीची झाडे होती, आणि मधला महासागर ओलांडणे त्या झाडांना शक्य नव्हते. आल्फ्रेड वेगेनर याने खंड सरकतात हा विचार पहिल्यांदा भाषणात मांडला तो ६ जानेवारी १९१२ रोजी, फ्रँकफर्टला. प्रिस्टली इव्हान्स कोव्ह्जला उतरला त्याच्या दोन दिवस आधी. जगाने तो विचार मान्य करायला आणखी अर्धशतक घेतले. वेगेनर स्वतः १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात गेला.

म्हणून मला वाटते की त्या मोहिमेतून जे मागे राहिले ते ध्रुवावरून आलेले नाही. ते ध्रुवाच्या वाटेवर जिथे थांबायचे कारण नव्हते तिथे थांबल्यामुळे आलेले आहे. आपण मात्र हुतात्म्यांच्या ओढीने तंबूपाशीच अडकून राहतो. आपल्या इतिहासप्रेमालाही हीच खोड आहे: धारातीर्थी पडलेला सरदार पाठ, आणि गड राखून, दाणागोटा पुरवून, माणसे जगवून परत आलेला किल्लेदार विसरलेला. मरणाचे चित्र काढता येते. साखरेच्या बारा वड्यांचे काय काढणार? कॅम्पबेलच्या तुकडीची हकिकत प्रिस्टलीने १९१४ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली, पण तोवर देश स्कॉटसाठी रडत होता आणि लगेच महायुद्ध सुरू झाले.

महायुद्धात तो संदेशवहनाच्या तुकडीत लढला, लष्करी पदक मिळवले. त्यानंतर राइटबरोबर मोहिमेच्या हिमनद्यांवरचा मोठा ग्रंथ १९२२ मध्ये पुरा केला. पण डेबनहॅमबरोबर त्याने केलेले एक काम मला सगळ्यांत आवडते. स्कॉटच्या मृत्यूनंतर लोकांनी स्मारकासाठी भरभरून पैसे दिले होते. त्यातल्या उरलेल्या पैशांतून १९२० मध्ये केंब्रिजला ध्रुवीय संशोधन संस्था उभी राहिली. डेबनहॅमला तिची कल्पना सुचली होती बर्फातल्या एका जुन्या झोपडीत. नकाशे, टिपणे, अनुभव एके ठिकाणी असावेत, पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, एवढाच हेतू. शोकाच्या पैशातून पुतळे सगळेच उभारतात. ग्रंथालय उभारायला भूगर्भशास्त्रज्ञ लागले. आज भारताच्या मैत्री आणि भारती या तळांवर जाणाऱ्या तुकड्यांमागे गोव्याच्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था असते. पहिली भारतीय तुकडी १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती. अशा संस्थेशिवाय बर्फात माणूस पाठवणे म्हणजे काय, ते प्रिस्टलीच्या पिढीने भोगून पाहिले होते.

पुढे तो मेलबर्न आणि मग बर्मिंगहॅम या विद्यापीठांचा कुलगुरू झाला. विद्यापीठाच्या बैठकांत त्याला भुयारातल्या रेघेची आठवण येत असेल का, असा खट्याळ प्रश्न मला पडतो. १९४९ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. सत्तरी गाठल्यावर तो पुन्हा अंटार्क्टिकाला जाऊन आला, यंत्रांच्या आणि विमानांच्या काळातल्या अंटार्क्टिकाला. १९७४ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन, तो आपल्या देशात, आपल्या माणसांत वारला.

एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारी १९१३ मध्ये मोहीम आटोपून जहाज मायदेशी निघाले तेव्हा ते आधी इव्हान्स कोव्ह्जला वळवण्यात आले. एक वर्षापूर्वी जहाज जिथे पोचू शकले नव्हते, त्याच किनाऱ्यावर. आता तिथून सोडवायला माणसे नव्हती. प्रिस्टलीने वेचून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले दगड न्यायचे होते. जहाजावरचे काही जण उत्सुकतेने ते भुयार पाहायला गेले, आत डोकावले, आणि माणसे इथे राहिली यावर त्यांचा विश्वास बसेना. दगड जहाजावर चढले. त्यांतल्या एकात सेवर्ड यांना झाडाच्या खोडाचे लाकूड सापडले, दगड होऊन गेलेले. ज्या हिमनदीने तो दगड खाली आणला तिला प्रिस्टलीचे नाव होते, आणि त्या झाडालाही सेवर्ड यांनी त्याचेच नाव दिले: ‘अंटार्क्टिकॉक्सिलॉन प्रिस्टलिआय’.